मास्तरांचा ग्रीक शब्द

ती. आईस,
इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी मजेत आहे. खोलीला खिडकी आहे, कामही फार नाही. ज्या म्हाताऱ्या मास्तरांना मी सांभाळते, त्यांची दाढी करणं तेवढं अवघड. गालाला साबण लागला की त्यांना शिकवायची हुक्की येते.

काल त्यांना रक्त तपासायला नेलं, तिथे ‘पॅथॉलॉजी’ची पाटी होती. आज त्यावरून सुरू झाले. म्हणाले, “त्यात ‘पॅथॉस’ हा ग्रीक शब्द आहे. म्हणजे दुःख, सोसणं. पण मुळात अर्थ साधा होता. आपण करतो ते वेगळं आणि आपल्या वाट्याला येतं ते पॅथॉस, बरं असो की वाईट. पुढे लोकांनी त्यातलं दुःखच तेवढं ठेवलं.”

मी वस्तरा धुता धुता विचारलं, “आणि आपणच केलं, नि तेच सोसायची वेळ आली, तर त्याला काय म्हणायचं?”

मास्तरांनी दुसरा गाल पुढे केला.

तुझा गुडघा कसा आहे? उगाच “बरा आहे” लिहू नकोस.

माझी चिमी फोनवर येतच नाही. दर वेळी खेळायलाच कशी गेलेली असते गं? लेक तुलाच आई म्हणायला लागली असेल, तर म्हणू दे. तिला रागावू नकोस.

तिच्यासाठी फ्रॉक पाठवतेय. मी निघाले तेव्हा होती तेवढीच धरून चार बोटं वाढवून घेतलाय. आखूड झाला, तर तसं खरं कळव.

तुझी,
थोरली