त्याला संसार नव्हता

बाबा, तुमच्या त्या लाडक्या परदेशी लेखकाचा मला अजूनही राग येतो. तोही गेला, तुम्हीही गेलात, त्याला आता कितीतरी वर्षं झाली, तरी येतो. करोल बागेतल्या आपल्या दोन खोल्यांत तो पाहुण्यासारखा नाही, मालकासारखा राहायचा. रविवारी सकाळी तुम्ही दुधावर लक्ष ठेवायला गॅसपाशी उभे, हातात त्याचं पुस्तक, आणि दूध हमखास उतू जायचं. आई त्याला सवत म्हणायची.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. तुम्ही पुस्तक मिटता आणि म्हणता, "केवढं लांब वाक्य! पण याला संसार नव्हता ना." मी दिल्लीच्या शाळेत शिकणारी, संसार म्हणजे हिंदीतली दुनिया, एवढंच मला ठाऊक. मी विचारते, "बिचारा. मग तो राहायचा कुठे?" तुम्ही दोघं हसून बेजार. मग डोळे पुसत तुम्ही समजावता, "अगं, संसार म्हणजे बायको-मुलं. तू, आई, हे दूध." तुमच्यासाठी विनोद तिथेच संपला. मला मात्र कळलं ते वेगळंच. तो समुद्रकाठी एकटा राहून दीड-दीड पानांची वाक्यं लिहिणार, तुम्ही मंत्रालयातून दमून येऊन आपल्या गोष्टींत चार-चार शब्दांची, आणि मधे आडवी आलेली मी. तुम्हाला त्याचा हेवा वाटायचा, आणि त्या हेव्यापायी मी त्याच्यावर जळायचे.

आता मी इथेच साहित्य शिकवते. यंदा एका विद्यार्थिनीने त्याच्या आणि तुमच्या गोष्टींवर निबंध लिहिला. मुलगी परभणीकडची, मुनिरकात खोली घेऊन राहते. मी सासरचं आडनाव लावते, त्यामुळे तुम्ही माझे वडील हे तिला माहीत नाही. समोर बसून ती म्हणाली, "मॅडम, त्याच्या गोष्टींत कुणी कुणाला हाकच मारत नाही. म्हणून वाक्य चालतच राहतं. यांच्या गोष्टीत आतून 'बाबा' म्हणून हाक येते, माणूस 'आलो' म्हणतो आणि वाक्य तिथंच संपतं. पण तो एकदाही चिडत नाही बघा. मला तर वाटतं, तो हाकेची वाटच बघत असतो."

"अच्छा," मी म्हणाले.

माझ्या पोटात दुखलं, बाबा. तुमच्या गोष्टी मी इतक्यांदा वाचल्या, पण दर वेळी त्यांत तुमचा हेवाच शोधत बसले. आणि ही कालची पोर येते काय, तुम्हाला माझ्याआधी ओळखते काय! तिला चांगले गुण दिले, द्यावेच लागले.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून एवढं सांगून टाकते. जाता जाता तिने विचारलं, "ती आतून हाक मारणारी कोण असेल हो, मॅडम?" मी म्हणाले, माहीत नाही. तेवढं तरी माझ्या एकटीचं राहू दे.