शेखसाहेबांच्या नावापुढची कोरी जागा

९ रजब, हिजरी सन ७३४

आज नमाजेत त्यांनी झुकताना हात वर उचलले. म्हणजे शाफई. परवा उचलले नव्हते, म्हणजे हनफी. धर्मशास्त्राची मतं चार, माणसाने पाळायचं एक; पण शेख शरफुद्दीन बुसरावी माझा ग्रंथ पुरा होऊ देणार नाहीत असं दिसतं.

दमास्कसच्या हनफी विद्वानांची चरित्रं मी अकरा वर्षं जमवतोय. मदरशाची पायरी चढलो नाही, दुकानात बसून दुसऱ्यांचे ग्रंथ उतरवता उतरवता शिकलो. त्यामुळे मला चूक परवडत नाही. ती चैन मोठमोठ्या पगड्यांसाठी आहे. तीनशे बारा नोंदी झाल्या. फक्त शेखसाहेबांच्या नोंदीत ‘मत’ या शब्दापुढे जागा कोरी आहे. सकाळी हनफी मदरशात शिकवतात, दुपारनंतर शाफई मदरशात, आणि दोन्हीकडचे छातीठोकपणे सांगतात — आमचेच!

शेजारचा पुस्तकवाला बद्रान शाफई आहे. म्हणाला, “यूनुस, आमच्या शेखना तुझ्या त्या पुस्तकात कोंबू नकोस बाबा. जीव गुदमरेल त्यांचा.”

१२ रजब

उमैमाने पुन्हा विषय काढला. “दादा, आठ वर्षं झाली.” जसं काही मला मोजता येत नाही.

तिचा नवरा सायप्रसला निघालेल्या जहाजावर होता. जहाज फुटलं. सहा जण पोहून किनाऱ्याला लागले, त्यांत तो नव्हता. प्रेत मिळालं नाही, साक्षीदार नाही, म्हणून मृत्यूही नाही. आमच्या हनफी मताने असा माणूस नव्वद वर्षांचा होईपर्यंत जिवंत धरायचा. गेला तेव्हा चौतिसाचा होता. म्हणजे सन ७८२. उमैमा तेव्हा एक्क्याऐंशीची असेल. मी तिला आकडा सांगितला. आकडा बिनचूक होता.

“मग लग्नाचे कपडे आत्ताच शिवून ठेवते,” ती म्हणाली. “तेव्हा सुईत दोरा कोण ओवणार?”

हंबली काझी चार वर्षांत मोकळं करतात, हे तिच्या कानावर कुणीतरी घातलंय. बद्रानच. पण आमचं घर चार पिढ्यांचं हनफी. हनफी विद्वानांची चरित्रं लिहिणाऱ्याची बहीण हंबली काझीच्या दारात? बाजाराला महिनाभर पुरेल.

माझ्या कागदाला खळ लावून तीच घोटते, अख्ख्या शहरात असा गुळगुळीत कागद नाही. पण तो मुद्दा वेगळा.

२० रजब

पुरावा मिळाला. शेखसाहेब दुकानात बसून मूळ प्रतीशी माझी नक्कल ताडत होते. बोरू तासताना चाकू लागला, बोटातून रक्त वाहिलं. नमाजेची वेळ झाली. रक्त वाहिल्यावर आमच्याकडे पुन्हा हातपाय धुवावे लागतात, शाफईंकडे नाही. मी श्वास रोखून बघत होतो.

उठले. धुतले.

घाईने बोरू उचलून कोऱ्या जागेत ‘ह’ लिहिला. मग ते पुढे उभे राहिले, मी मागे. आणि झुकताना — हात वर!

‘ह’ खरवडून काढला. कागदाला भोक पडायचं राहिलं.

२१ रजब

राहवलं नाही. विचारलं, “शेखसाहेब, रक्ताने शुद्धी मोडते असं आपण मानता?”

“नाही बुवा.”

“मग काल धुतलंत कशाला?”

“मागे तुम्ही उभे राहणार होता ना. तुम्ही मानता. माझ्या बोटापायी तुमची नमाज कशाला बुडवू, यूनुसभाई?”

अशा उत्तरासाठी अकरा वर्षांत मी रकानाच केलेला नाही.

पडद्यामागून हसू आलं. मग उमैमाचा आवाज, आणि तो मात्र हसरा नव्हता. “शेखसाहेब, बुडालेल्या जहाजावरच्या माणसाच्या बायकोने किती थांबायचं?”

“कुणाच्या दारात विचारता त्यावर आहे, बाई. तुमच्या भावाच्या दारात, केस पिकेपर्यंत. हंबलींच्या दारात चार वर्षं, वर सुतकाचे चार महिने दहा दिवस.”

“आणि तुमच्या दारात?”

“मला कुठलं दार? मी सगळ्यांच्या दारांतून ये-जा करतो, म्हणून तर सगळेच रखवालदार वैतागलेत.” मग त्यांनीच विचारलं, “किती झाली?”

“आठ.”

“मग हंबलींचं देणं फिटून वर उरलंय.”

मी मुद्दाम मोठ्याने पानं उलटली.

६ शाबान

शेखसाहेब या आठवड्यात चौथ्यांदा आले. नक्कल तपासून झालेली आहे, तरी येतात. आज म्हणाले, “काय कागद आहे!” मोठी माणसं अक्षराची स्तुती अशी आडून करतात.

१९ शाबान

ती गेली. मला न विचारता. बद्रानला बरोबर घेऊन, आणि त्या जहाजावरून वाचलेल्या एका कापूसवाल्याला शोधून काढून. हंबली काझींनी ऐकून घेतलं आणि लेखी दिलं — ती मोकळी आहे, हवं तेव्हा लग्न करू शकते.

कागद माझ्या लिहायच्या चौरंगावर ठेवून म्हणाली, “तपास, दादा. तुला चूक सापडली तर फाडून टाक.”

दोनदा वाचला. तारीख बरोबर. साक्षीदारांची नावं बापाआजासकट बरोबर. शिक्का स्पष्ट. अक्षर भिकार, पण तेवढ्यावर फाडता येत नाही.

२० शाबान

बद्रान दारात उभा राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं: “काय मग, ग्रंथ हंबलींचा करतोस की काय आता?”

दुकान दुपारीच बंद केलं.

८ शव्वाल

शेखसाहेब आज ग्रंथासाठी आले नव्हते. तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको वारली हे मला ठाऊक होतं, माझ्या नोंदीत तारखेसह आहे. उमैमाला मागणी घालायला आले.

म्हणजे कागदाची स्तुती ही कागदाचीच होती.

मी म्हणालो, “आमच्या मताने माझी बहीण अजून विवाहित आहे.”

“एका काझीने निवाडा दिला की बाकीच्यांनी तो मानायचा, हे तुमच्या मतातही आहे. तुम्हीच मला उतरवून दिलंत, यूनुसभाई. तिसरा खंड...”

“पान मला ठाऊक आहे.”

सरबत संपवून उठले. रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं पडलं असतं.

संध्याकाळी उमैमाने एवढंच विचारलं, “नकार कशासाठी दिलास? मतासाठी, की मी घोटते त्या कागदासाठी?”

मी उद्याचे बोरू तासायला घेतले.

११ शव्वाल

कागद खरखरीत. बोरू अडतो.

१५ शव्वाल

आज तिने विचारलं, “दादा, सज्ञान बाई स्वतःच्या तोंडाने लग्न ठरवू शकते, असं कुठल्या मतात आहे रे?” बहिणीला अखेर अभ्यासाची गोडी लागली म्हणून बरं वाटलं. सविस्तर सांगितलं. तीन मतांत वडील किंवा भाऊ लागतोच. आपल्यात नाही. आपण कसे पुढारलेले, तेही सांगितलं. दोन दाखले दिले.

२ जिल्काद

उमैमाचं लग्न झालं. आमच्याच हनफी काझीसमोर. इतर कुठल्याही मतात माझ्यावाचून अडलं असतं. आमच्यात भावाला हरकतीची दोनच कारणं — नवरा बरोबरीचा नसणं आणि मेहेर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, कमी असणं. दोन्ही नीट तपासली. नवरा माझ्याहून थोर, मेहेर रास्त.

जाताना तिने घोटलेल्या कागदाची रीम ठेवली. वर्षभर पुरेल. वरच्याच पानावर त्यांची नोंद नव्याने उतरवली, आणि ‘मत’ या शब्दापुढे, पुराव्याशिवाय न लिहिण्याचा अकरा वर्षांचा नियम न मोडता, लिहिलं — माझा मेहुणा.