दाजींनी पाठवलेलं इंजिन

तुजान,
३ ऑगस्ट १९८७

ती. मबरूकाताईस,
लझहरचा सलाम वि. वि.

दाजींनी पाठवलेलं डिझेल इंजिन काल पोचलं. पाच जणांनी मिळून उतरवलं आणि आता ते अंगणात अंजिराखाली बसलंय. बसलंय म्हणजे बसलंच! आपली ४०४ पिकअप, तिचं जुनं पेट्रोल इंजिन चढावर फुटल्यापासून, बॉनेट उघडं टाकून उभी आहे. आणि हे नवं इंजिन तिच्या गिअरबॉक्सला जोडताच येत नाही. दोघांच्या मधलं जोडभांडं दाजींनी पाठवलेलं नाही. मेकॅनिक उस्ता फर्जानी म्हणाला, की वरात आली पण नवरदेव मार्सेयलाच राहिला.

मारेथची शाळा १५ सप्टेंबरला उघडते. गावातल्या सात मुली माझ्याच गाडीतून जातात. गाडी नाही म्हणून त्यांचे बाप काही त्यांना वसतिगृहात ठेवणार नाहीत, घरी बसवतील. तेव्हा दाजींना विचार, की वीस वर्षं भंगारात काढली तर अक्कलही तिथेच टाकून आलात का? भांडं ताबडतोब पाठवा म्हणावं.

आईचे गुडघे तसेच. मी चिडून लिहिलं म्हणून माया पातळ करू नकोस.

तुझा,
लझहर


मार्सेय,
१७ ऑगस्ट १९८७

चि. लझहर यास,
अनेक आशीर्वाद.

मूर्खा, यांना वाचता येत नाही आणि तुझी पत्रं मी जेवताना मोठ्याने वाचते, हे तुला ठाऊक नाही का? वाचता वाचता ते अकलेचं वाक्य तोंडातून निघून गेलं. यांनी चमचा खाली ठेवला आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. त्या इंजिनासाठी यांनी तीन रविवार घालवलेत.

तरी भांडं मिळेल म्हणतात. आणि बजावून सांगितलंय, की इंजिनाखालची आडवी पट्टी कापू नकोस, इंजिन जरा मागे सरकवलं की बसतं. पुढच्या स्प्रिंगा मात्र जाड घाल.

येणाऱ्याबरोबर थोडा आपल्या मिरच्यांचा हरिसा पाठव. इथला नुसता लाल असतो, तिखट नसतो. आईला जप.

तुझी,
मबरूकाताई


तुजान,
७ सप्टेंबर १९८७

ती. ताईस,
सलाम वि. वि.

पट्टी कापू नकोस हे तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पट्टी आम्ही त्याच्या आधीच्या शनिवारी कापली. आता उस्ता ती पुन्हा जोडतोय आणि दर ठिणगीला माझा उद्धार करतोय. स्प्रिंगा घातल्या, रेडिएटर बसला. भांडं कुठंय? पोस्टात चार वेळा जाऊन आलो. मारेथच्या बसथांब्यावर फ्रान्सहून आलेल्या प्रत्येकाला विचारून झालं. लोक मला बघून रस्ता बदलतात.

काल त्या सात जणींतल्या सालहाचा बाप अमोर आला. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, की असल्या सांगाड्याच्या भरवशावर पोरीला किती दिवस बसवून ठेवू, घरात सतरंज्यांचा माग रिकामा पडलाय. ताई, ती पोरगी वर्गात पहिली येते. मी त्याला पंधरा तारखेचा शब्द दिलाय.

उत्तराची वाट बघतो.

तुझा,
लझहर


मार्सेय,
२० सप्टेंबर १९८७

चि. लझहर यास,
आशीर्वाद.

तुझ्यापासून लपवलं ते आज लिहिते. भांडं १९ ऑगस्टलाच मिळालं होतं. महिनाभर ते आमच्या दारामागे पडून होतं आणि मी रोज त्याला वळसा घालून जात होते. हे म्हणायचे, की भंगारवाल्याचं भंगार भंगारवाल्याकडेच बरं. मी भांडले, रडले, मग मीही गप्प बसले. वाटलं, दोन-चार दिवसांत राग उतरेल.

काल तुझं पत्र वाचलं. त्या मुलीचं आलं तसे हे ताटावरून उठले, भांडं खांद्यावर टाकलं आणि बंदरावर गेले. आपल्याकडच्या झर्झिसचा एक ओळखीचा माणूस बोटीने निघालाय, तो घेऊन येतोय. तुला लिही म्हणाले, की चूक त्यांची. मी विचारलं, एवढंच? तर म्हणाले, एवढंच.

माझ्यावर रागव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझी,
ताई


तुजान,
१६ ऑक्टोबर १९८७

ती. ताईस,
लझहरचा सलाम वि. वि.

गाडी ८ तारखेला सुरू झाली. आधी खोकली, मग अर्धं गाव धुरात गेलं, मग अशी धडधडायला लागली की आई कानावर हात ठेवून हसत होती. जुनं इंजिन जिथे फुटलं होतं तोच चढ आता तिसऱ्या गिअरमध्ये चढते.

सहा मुली येतात. सालहा येत नाही. अमोरने तिचं नाव शाळेतून काढलं. मी तीनदा गेलो. विनवण्या केल्या, उशीर माझ्या जिभेमुळे झाला हेही सांगितलं. तो म्हणाला, की इंजिन तुझं, मुलगी माझी. काल निघताना ती मागावर बसलेली दिसली. मान वर न करता म्हणाली, की लझहरकाका, तुमचं इंजिन फार आवाज करतं, मुली निघाल्या की मला आतूनच कळतं.

उद्या पुन्हा जाणार आहे. दाजींना माझा सलाम सांग. इंजिनात काही खोट नाही.

तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझा,
लझहर