नियम क्रमांक चार

शनिवार, १४ सप्टेंबर

ओरखडा! एक नव्हे — तीन. आरशाच्या मधोमध, कमानीसारखे वाकलेले. दिव्याखाली धरून पाहिला. सात शनिवारांची मेहनत पाण्यात.

आरसा डावखुरीचा. शनिवार वर्गाला येणाऱ्या बारा शाळकरी पोरांत जिच्या हातात खरंच काही आहे, अशी ही एकच. नववीतली. आणि तिनेच हे करावं!

विद्यापीठाने शाळेतल्या मुलांसाठी हा वर्ग काढला, तेव्हा प्राध्यापकांनी भाषणं वाटून घेतली. हातांनी काही करायला लावायचं म्हटल्यावर सगळ्यांना मी आठवलो. बारा शनिवारांत प्रत्येकाने दुर्बिणीचा आरसा स्वतः घासून करायचा — ही कल्पना माझी, खोली माझी, नियम माझे. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. उसनी पुस्तकं वाचून आणि काचा फोडून शिकलो. प्राध्यापक मला 'वर्कशॉपवाले' म्हणतात. पोरं 'सर' म्हणतात.

नियम भिंतीवर आहेत, माझ्या अक्षरात. नऊ. खोलीच्या एका टोकाला भरड टेबल. तिथे मागे राहिलेली पोरं जाड पुडीने काच घासतात. दुसऱ्या टोकाला पॉलिशचं टेबल. जाड पुडीचा एक कण तिकडे गेला की खेळ खलास. म्हणून नियम क्रमांक चार: भरडला निळा कोट, पॉलिशला पांढरा. कोट बदलल्याशिवाय कुणीही टेबल बदलायचं नाही. 'कुणीही'खाली दोन रेघा आहेत.

आज नेमके पाहुणे होते. संयोजक बाई चार बड्या माणसांना घेऊन आल्या. छाप चांगली पडली! डावखुरीचा आरसा घेऊन मी स्वतः दाखवलं — दाब किती, ओढ किती. तिला सगळं उलट्या बाजूने दाखवावं लागतं. पाहुणे वाहवा करत गेले. आणि तासाभराने हे.

"हात धुतले होतेस?"

"हो सर."

"कोपरापर्यंत?"

"हो सर."

"मग पूड काय आभाळातून पडली?"

खाली मान. मी म्हणालो, हा आरसा आता उरलेल्या शनिवारांत व्हायचा नाही. म्हणालो, हात चांगला असून उपयोग काय, डोकं ठिकाणावर नको? सगळ्यांसमोर म्हणालो. शिस्त ही सगळ्यांसमोरच लागते.

पाच वाजता नेहमीप्रमाणे वह्यांवर सह्या केल्या. प्रत्येकाने त्या दिवशीचं निरीक्षण वहीत लिहायचं — जे दिसलं ते, जे वाटलं ते नाही. हा नियम सात. डावखुरी शेवटी आली. वही दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी. सोडेचना. शेवटी ओढून घेतली, सही केली, परत दिली.

घरी यायच्या आधी बाईंचा तक्ताही भरून दिला. या बारांतून आठ जण सुट्टीतल्या निवासी वर्गाला जाणार — महिनाभर, मोठ्या दुर्बिणीवर. डावखुरी दर शनिवारी विचारायची, "सर, तिथे खरंच रात्रभर बघू देतात?" तिच्या रकान्यात लिहिलं: 'हात उत्तम. निष्काळजी. शिफारस नाही.'

वाईट वाटलं. पण मी तोंड बघून शेरे देत नाही.

रविवार, १५ सप्टेंबर

सकाळी ही धुण्यातले माझे दोन्ही कोट घेऊन समोर उभी.

"अहो, हा पांढरा धुवायला कशाला टाकलात?"

"काल वापरलाय म्हणून."

"कुठला वापरलाय! माझ्या इस्त्रीची घडी मोडलेली नाही."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला घडी कळते," ही म्हणाली, आणि कोट माझ्या मांडीवर ठेवून गेली.

खरंच. चौकोनी घडी, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी कोट काढला की बटणं कधी लावत नाही.

आठवून पाहिलं. मी भरड टेबलाशी होतो. बाईंनी दारातून हाक मारली, "हे बघा, आपले उस्ताद!" उस्ताद म्हणाल्या. हात धुतले — ते आठवतं. फडक्याला पुसले — तेही. कोटाचं काही आठवत नाही. निळा कोट धुवू दिला नाही.

सोमवार, १६ सप्टेंबर

कुणी यायच्या आत वर्कशॉप उघडलं. डावखुरी ज्यावर आरसा पॉलिश करायची, त्या डांबराच्या गादीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. डांबरात रुतलेले चार कण. जाड पूड, १२० नंबरची. मग माझ्या निळ्या कोटाची उजवी बाही झटकून पाहिली. १२० नंबर. तिच्या पांढऱ्या कोटावर काही नाही. तिन्ही गोष्टी दोनदा तपासल्या. तिसऱ्यांदा तपासायची गरज नव्हती, तरी तपासल्या.

सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षांत मी काचेवर ओरखडा पडू दिलेला नाही.

उद्या बाईंना सांगायचं. शेरा बदलून घ्यायचा. पाच मिनिटांचं काम.

मंगळवार, १७ सप्टेंबर

बाई मिटिंगमध्ये होत्या.

तासाभराने बाहेर आल्या. मी त्यांना दिसलो नाही. म्हणजे — दिसेन असा उभा राहिलो नाही.

बुधवार, १८ सप्टेंबर

उद्या.

शुक्रवार, २० सप्टेंबर

हिने विचारलं, "सांगितलंत?"

म्हटलं, योग्य वेळ बघतोय.

"भाजीत मीठ चिमूटभर जास्त पडलं की मला चार दिवस ऐकवता. तेव्हा नाही बघत वेळ ती."

जेवायला बसलो. आज मीठ बरोबर होतं.

काय सांगायचं, हे पाठ आहे. वाक्यही तयार आहे: 'बाई, ती चूक माझी होती.' पाच शब्द. आरशासमोर म्हणून पाहिलं तर 'माझी'पाशी अडतो. उस्ताद!

शनिवार, २१ सप्टेंबर

डावखुरी आली नाही. सात शनिवारांत ती एकदाही चुकली नव्हती.

तिच्याशेजारी बसणारी मुलगी म्हणाली, "ती आता यायची नाही म्हणाली सर. मी तिला खूप समजावलं."

"का नाही म्हणाली?"

"तिचा हात जड आहे म्हणते."

हात जड! असा हलका हात मी आजवर पाहिला नाही. स्वतःचाही नाही. हे तिला कधी सांगितलं नव्हतं. पोरं शेफारतात म्हणून मी कौतुक आवरतं घेतो. ओरडताना मात्र काही आवरलं नाही.

तिचा आरसा फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलाय. वहीही तिथेच आहे, घेऊन गेली नाही.

सोमवार, २३ सप्टेंबर

सांगितलं. एकदाचं सांगितलं. उभ्यानेच.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, यादी गुरुवारी गेली वर. सही-शिक्क्यानिशी."

"नाव बदलता येणार नाही?"

"तिच्या जागी आलेल्या मुलाच्या घरी पत्र पोचलं. आता त्याला नाही म्हणू?" मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं हे?"

"सोमवारी."

"मागच्या?"

मी मान हलवली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "बाकी कुणाचा शेरा असता ना, तर मी पोरीला बोलावून विचारलं असतं. पण तुम्ही लिहिलंय म्हटल्यावर विचारायचं कारणच नव्हतं."

सोमवारी कळलं. मंगळवार होता, बुधवार होता. दोन अख्खे दिवस हाताशी होते, आणि मी खांबाआड उभा होतो.

शनिवार, २८ सप्टेंबर

वर्ग संपल्यावर तिच्या घरी गेलो. एक खोली, मध्ये शिवणयंत्र, भोवती दप्तरांच्या कापडाचे ढीग. आई दप्तरं शिवते. मला पाहून गडबडीने उठली, खुर्चीवरचं कापड उचलून म्हणाली, "बसा सर. दिवसभर तुमचंच नाव असायचं हिच्या तोंडी. सर असं करतात, सर तसं करतात. चहाचा कपसुद्धा तीनदा धुवायला लावायची मला!"

डावखुरी यंत्रामागे पट्टे कापत होती. डाव्या हाताने. सरळ रेघ, खडूची खूण न करता.

रस्ताभर वाक्य घोकलं होतं. बाईंसमोर एकदा म्हटलंही होतं, म्हणजे जमायला हवं होतं. पण आई समोर बसलेली, इतक्या विश्वासाने माझ्याकडे बघत —

म्हणालो, "तुझी चूक नव्हती. काचेतच दोष असतो कधी कधी."

काचेतच! मी! जी काच मी स्वतः पारखून आणली!

डावखुरीने कात्री थांबवली. माझ्याकडे पाहिलं. चांगलं निरखून, दिव्याखाली आरसा धरून बघते तसं.

"असेल सर," म्हणाली.

म्हटलं, नवी काच देतो, रोज शाळा सुटल्यावर ये, मी स्वतः शिकवतो. आई खूश झाली. डावखुरी म्हणाली, "नको सर. आईला मदत लागते." आणि पुन्हा कापायला लागली.

आईने दारापर्यंत येऊन दोनदा आभार मानले. कशाचे, ते मला विचारता आलं नाही.

शनिवार, ५ ऑक्टोबर

पुढच्या आठवड्यात प्रदर्शन आहे. मांडायला पोरांच्या वह्या काढल्या. तिचीही उघडली. चौदा तारखेचं पान. स्वच्छ अक्षर, डावीकडे झुकलेलं:

'३.१० — सर पाहुण्यांना घेऊन आमच्या टेबलाशी आले. अंगात निळा कोट होता. माझा आरसा घेऊन सरांनी बारा वेळा घासून दाखवलं. नियम ४ सांगायचा होता. पाहुणे होते म्हणून सांगितला नाही. ४.१५ — तीन ओरखडे.'

खाली लाल शाईत, माझ्या हाताने: 'पाहिले.' आणि सही.