पांढऱ्या चिठ्ठीच्या बरण्या

४ फेब्रुवारी
आजपासून मी सायन्समध्ये. स्लॅग यार्डातून थेट लॅबमध्ये बदली. मुकादम म्हणतो बदली कसली, उसनवारी आहे; लॅबच्या मॅडमना ढवळायला कोणीतरी हवंय आणि तू तसाही इथे कामाचा नाहीस. जळतो. स्लॅग म्हणजे पोलाद वितळवताना वर येणारा मळ. थंड झाला की दगड. वर्षभर फावड्याने तोच उपसला. आता हातात काचेची कांडी.
निश्चय : पाचला उठणे. हळू आवाजात बोलणे.

५ फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ
उशीर झाला. खोलीतल्या लंबूने गजर बंद केला. (लंबू क्रेन चालवतो, अक्कल बेताची.) तो म्हणतो मीच केला, झोपेत. पुरावा नाही.
मॅडमनी काम समजावलं. सहा बरण्यांत पानं कुजत घातलीत. कुजता कुजता काळंभोर द्रव्य तयार होतं, नाव ह्युमिक, माती त्याच्यावरच पोसते. स्लॅगमधलं लोखंड आणि मँगनीज हे काम लवकर उरकून घेतं, आणि स्वतः जसंच्या तसं राहतं. असा त्यांचा अंदाज, सिद्ध व्हायचाय. मला लगेच कळलं. स्वतः काही न करता दुसऱ्यांना घाई करणारा, म्हणजे आमचा मुकादम. तसं सांगितलं. मॅडमना ठसका लागला. बहुतेक प्रभावित झाल्या.
लाल चिठ्ठीच्या तीन बरण्यांत स्लॅगची पूड. पांढऱ्या चिठ्ठीच्या तिनांत नुसती पानं. मी पाणी शिंपडायचं, ढवळायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. प्रयोग जमला तर मला कायमचं लॅबमध्ये घ्या, असं वर लिहिणार आहेत.

९ फेब्रुवारी
ताईचा फोन. सांगून टाकलं, कायम झालो. होणारच आहे, चार दिवस आधी सांगितलं तर काय बिघडलं? मॅडमचा जादा कोट घालून फोटो पाठवला. आईने गल्लीभर दाखवला म्हणे. ताईने विचारलं, खिशावर बाईचं नाव का शिवलंय. हिला लहानपणापासून खुसपट काढायची सवय.

२६ फेब्रुवारी
लाल बरण्या काळ्या पडायला लागल्या. झकास. पांढऱ्या मात्र तपकिरीच. बघवत नाही. घरात सहा लेकरं आणि जेवण तिघांनाच! मॅडमना विचारलं, यांना का नाही? म्हणाल्या, त्यांना राहू दे तसंच. आवाज थकलेला होता. मी काय ते समजलो. पूड संपली असणार, मागायला संकोच वाटत असेल. आणि आमच्या यार्डात स्लॅगचे डोंगर पडलेत.

२७ फेब्रुवारी
यार्डात जाऊन पिशवीभर बारीक स्लॅग आणला. मुकादमाने विचारलं कशाला. म्हटलं, रिसर्च. तो म्हणाला, पिशवी तेवढी परत आण.
मॅडम घरी गेल्यावर पांढऱ्या बरण्यांत मूठ मूठ टाकला. एकीत दोन मुठी. ती फारच मागे राहिली होती. कोणाला सांगायचं नाही. मोठी माणसं गाजावाजा करत नाहीत.

१८ मार्च
पांढऱ्या बरण्या काळ्याकुट्ट! लाल बरण्यांनाही मागे टाकलं. मॅडम मशीनवर रंग मोजतायत, परत परत तोच. जेवायलाही उठल्या नाहीत. आनंदाने भूक मरते.
मी केस मागे फिरवायला लागलोय, शास्त्रज्ञासारखे. लंबूने विचारलं, आरसा फुटला का.

२ एप्रिल
मॅडम फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, ज्यांत काहीच घातलं नाही त्याच बरण्या जास्त काळ्या, म्हणजे माझं म्हणणंच खोटं पडलं. अरेरे! बाईंना स्वतःच्या यशाचं कारणच ठाऊक नाही. परवा मोठे साहेब येणार, प्रयोग चालू ठेवायचा की गुंडाळायचा ते ठरवायला.
निश्चय : साहेबांसमोरच सांगायचं. अर्धं श्रेय मॅडमना द्यायचं.

४ एप्रिल, दुपारी
सांगितलं.

४ एप्रिल, संध्याकाळी
साहेब आधी माझ्याकडे बघत राहिले, मग बरण्यांकडे, मग छताकडे. मॅडम स्टुलावर बसल्या. चष्मा काढला. अगदी हळू आवाजात बोलल्या. (मला दोन महिने जमला नाही तो आवाज हाच.) म्हणाल्या, तपकिरी राहणं हेच पांढऱ्या बरण्यांचं काम होतं. शेजारी बिनस्लॅगची बरणी नसेल तर स्लॅगने काय केलं हे कळणार कशावरून? मी म्हटलं, मला विचारायचं ना, मी सांगितलं असतं. साहेब खो खो हसले. मॅडम नाही.
जमेची बाजू : प्रयोग पहिल्यापासून करायची परवानगी मिळाली. माझ्यामुळेच. ढवळायला फक्त दुसरा माणूस बघा म्हणाले.

७ एप्रिल
यार्ड. मुकादमाने फावडं पुढे केलं, पण आधी पिशवी मागितली. पिशवी लॅबमध्येच राहिली. बरण्यांच्या कपाटाला आता कुलूप आहे.
ताईला खरं सांगितलं, म्हणजे बरंचसं. स्लॅग काय करतो तेही नीट समजावलं. हसून हसून बेजार झाली. म्हणाली, अरे मग तूही स्लॅगच की, सगळ्यांना घाईला आणलंस आणि स्वतः जसाच्या तसा परत ढिगावर. मग हसू आवरून सांगितलं, आईने तो फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय. काढू की राहू दे, तूच सांग म्हणाली.
राहू दे म्हटलं.
कोट अजून माझ्याकडेच आहे. धुवून परत द्यायचा. उद्याच. पाचला जाग आली तर.