येतीस तर बरं होतं

बाई, तुमच्या शेवटच्या फोनचा अर्थ मला परवा लागला, अकरा वर्षांनी, आणि तोही नोएडात स्पॅनिश शिकवताना. तुम्हाला हसू येईल. दिल्लीत, पहाडगंजच्या मराठी शाळेत माझ्या मराठीचीच तुम्हाला धास्ती होती. "माझी आवाज बसली" म्हटलं, की तुमची पट्टी टेबलावर वाजायची. "आवाज तो. बाहेर हिंदीत हवी तेवढी 'ती' कर, इथे तो." आठवीत मला 'ती येती तर' हे रूप कळेना, कारण आमच्या घरी तसं कुणी बोलतच नव्हतं. मधल्या सुट्टीत तुम्ही डब्यातल्या थालीपिठाचा तुकडा माझ्या हातावर ठेवलात. तो संपल्यावर म्हणालात, "आता म्हण, आणखी मिळतं तर बरं होतं." मी म्हटलं, आणि तुम्ही दुसरा तुकडा दिलात. धडा मी विसरले, थालीपीठ तेवढं लक्षात राहिलं.

तुमच्या पंच्याहत्तरीचा समारंभ आम्हा जुन्या विद्यार्थ्यांनी एका रविवारी ठेवला होता. मी आले नाही. काम काही नव्हतं, नुसता कंटाळा केला. गुरुवारी तुमचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. "बाई, तुमची आवाज कट होतेय," मी म्हणाले. तुम्ही सुधारलं नाहीत. तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. "तू येतीस तर बरं होतं," तुम्ही म्हणालात. मी 'होतं' ऐकलं आणि ते झालेल्या रविवारला लावलं. "हो बाई, राहूनच गेलं. सॉरी." तुम्ही म्हणालात, "अच्छा. असू दे." टोमणा समजून मी दोन दिवस फुरंगटून बसले. पुढच्या आठवड्यात तुम्ही गेल्याचं कळलं.

परवा वर्गात 'वेनीर', म्हणजे येणे, हे क्रियापद घेतलं होतं. मोठं आडमुठं आहे. भूतकाळात 'वेन'चं 'विन' होतं, 'ते आले' म्हणजे विनिएरोन. त्यातला 'रोन' काढायचा आणि 'रा' लावायचा. विनिएरा, विनिएरास, विनिएरा, विनिएरामोस... मुलं पाढ्यासारखी म्हणतायत. मी फळ्यावर लिहिते, 'सी विनिएरास', तू येतीस तर. पुढच्या बाकावरची मुलगी विचारते, "मॅम, ये तो पास्ट हुआ ना? अब क्या फायदा?" मी सवयीने सांगते, "दिखता पास्ट है. आना अभी बाकी है." आणि फळ्यावरचं ते 'तू येतीस तर' मी तुमच्या आवाजात पुन्हा वाचते.

तुम्ही रविवारचं बोलतच नव्हतात, बाई. तुम्ही मला बोलवत होतात.

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, की बाई शेवटी माझ्यावर रागावल्या होत्या. ते सोपं होतं. आता तेही उरलं नाही आणि मला फार वाईट वाटतंय. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तरी दोनदा तपासलंय. तेव्हा एक खरं लिहिते, चुकलं असेल तर पट्टी वाजवा. तो अर्थ मला तेव्हा कळता, तरी मी त्या आठवड्यात येते, असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.