मास्क मळू नयेत म्हणून

२ मे १९७२
साखर कारखान्याचा सीझन संपला. बॉयलरच्या नळांवरचे जुने ॲस्बेस्टॉसचे आवरण काढून नवे बसवायचे आहे. इंजिनियरसाहेब म्हणाले, त्याची धूळ छातीत बसते, बिनमास्कचा माणूस दिसला तर तुला धरीन. नववी पास असून सेफ्टीची जबाबदारी मिळाली. निश्चय : एकही तोंड उघडे दिसणार नाही.

४ मे
मजुरांना मास्क वाटले. छगनने कपाळाला बांधला. कानिफनाथ म्हणाला, "सेफ्टीसाहेब, ह्यो लावून तंबाखू थुकायची कुटं?" सगळे हसले. मी हसलो नाही. संध्याकाळपर्यंत मास्क काळे. साहेबांना काय दाखवायचे? धुऊन कपाटात ठेवले. कुलूप लावले.

९ मे
ॲस्बेस्टॉसची रिकामी पोती फुकट मिळतात. सगळेच नेतात. मीही आणली. आईने दारात झटकून गोधडी शिवायला घेतली. म्हणाली, "श्रीमंता, लई मऊ हाय रं." बरे वाटले.

१७ मे
धुळीवर गूळ खातात. छगन म्हणतो, गूळ खाल्ला की धूळ पोटात उतरते, छातीत ऱ्हात न्हाई. मी विरोध केला. मग गुळाचीच सोय केली. तात्पुरती.

२६ मे, दुपार
साहेबांची पाहणी. सगळ्यांच्या तोंडाला पांढरेशुभ्र मास्क. साहेब "शाबास" म्हणाले. छगनला खोकला आवरेना. साहेब जाईपर्यंत त्याला गोदामामागे उभे केले. नंतर मास्क मोजून परत घेतले.

११ जानेवारी १९७३
आईचा खोकला दिवाळीपासून आहे. डॉक्टरांनी विचारले, धुळीत काम करतात का? मी म्हणालो, नाही, ती घरीच असते. खरेच आहे ते.

१३ जानेवारी
कपाटातला एक मास्क घरी आणला. आई म्हणाली, "ह्ये बांधून खोकू कसं, येड्या?" गूळ दिला. तिच्याने उठवेना, म्हणून गोधडी उन्हात मीच झटकली. झटकताना आपोआप तोंडाला रुमाल लावला. मग हात थांबला. आतून आई म्हणाली, "आण की रं, गारठलेय."
थंडी फार आहे. दुसरे पांघरूण नाही. तीच तिच्या अंगावर घातली, नीट खोचली.
मास्क कपाटात परत ठेवला. वापरलेला नाही.